मातेचा आत्मविश्वास

सिंगापुरातील चिनी, मलायी आणि भारतीय मातांच्या बाळंतपणाच्या चालीरीती निरनिराळ्या. पण भय एकच होते : आपले दूध बाळाला पुरेल ना? १९३० नंतरच्या दशकात परिचारिकेच्या वेषातील विक्रेत्या स्त्रिया घरोघरी जाऊन नेमके हेच भय वाढवीत. माता डब्याच्या दुधाकडे वळे. बाळ अंगावर कमी पिऊ लागले की दूध आटे, आणि शंका खरी ठरे. १९३९ साली डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी तेथील रोटरी क्लबात ‘दूध आणि खून’ हे भाषण करून अशा प्रचाराने ओढवणाऱ्या बालमृत्यूंना खूनच म्हटले. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने संहिता केली, तर १९९२ साली भारताने कायदा केला. कायद्याने जाहिरात थांबविता येते. मातेला धीर देणे हे घरातील वडीलधाऱ्यांचेच काम होय.