स्टेपनी : वेल्समधल्या एका रस्त्याचे नाव मुलचेऱ्याच्या जंगलवाटेवर

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात एकाच बाजारात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली कानी पडते. तेलुगू का, तर प्राणहितेपलीकडे तेलंगण आहे. बंगाली का, तर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांची गावे १९६० च्या दशकात या भागात वसविण्यात आली. बोलणारा कोणत्याही भाषेचा असो, मोटारीच्या जादा चाकाला तो एकच शब्द वापरतो : स्टेपनी.

हा शब्द इंग्रजी असणार असे आपण गृहीत धरतो. मात्र आजच्या लंडनमध्ये कोणाकडे ‘स्टेपनी’ मागितली, तर तो बहुधा शहराच्या पूर्व भागातील स्टेपनी नावाच्या वस्तीचा रस्ता दाखवील. जादा चाकाला तिथे ‘स्पेअर व्हील’ म्हणतात. स्टेपनी हा शब्द जिथे जन्मला तिथून तो जवळजवळ नाहीसा झाला आणि भारत, बांगलादेश, माल्टा अशा दूरच्या देशांत मात्र जिवंत राहिला. ब्राझीलमध्ये जादा चाकाला ‘एस्टेपे’ म्हणतात, तोही याच शब्दाचा वंशज.

आजचा धागा या शब्दाचा आणि त्याच्या पोटात दडलेल्या एका प्रश्नाचा : जादा चाक नसलेल्या गाडीचा टायर आडरानात बसला, तर माणसाने काय करावे? प्रश्न नवा वाटतो, पण मोटारीइतकाच जुना आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

प्रारंभ मोटारीच्या आधीपासून करू. बैलगाडीला जादा चाक कधीच नव्हते. तिचे चाक म्हणजे मध्ये लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, भोवती लाकडाचे पुठ्ठे आणि या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढविणे हा सुतार आणि लोहार यांचा जोडीने करावयाचा सोहळाच असे. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे चाक करकचून आवळले जाते. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव ढिली झाली, तर गाडीवान चाक ओढ्याच्या डोहात भिजत घाली. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, बिघाड आणि दुरुस्ती यांच्यात फारसे अंतर नव्हते. गाडीवाट एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई, चाक लाकडाचे असे, आणि लाकूड समजणारा माणूस बहुतेक गावांत भेटे. बैलांच्या चालीने दिवसभरात जेवढे अंतर कापले जाई, तेवढ्यात कुठेतरी भाता पेटलेला दिसे. रबर आले आणि हे गणित मोडले.

हवेने भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. त्याची चाके घोडागाडीसाठी होती आणि काळाच्या फार आधी आली होती. जग ती विसरून गेले. पुढे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो सायकलींवर लगेच रुजला. मोटारीवर तो टिकेल यावर मात्र कोणाचा विश्वास नव्हता.

विश्वास बसावा म्हणून फ्रान्समधील मिशलाँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत स्वतः हवेच्या टायरांवर गाडी चालविली. अंतर सुमारे ११७८ किलोमीटर. वाटेत इतके पंक्चर झाले की, बरोबर नेलेल्या २२ ट्यूबा संपल्या, असे या शर्यतीच्या हकिगतीत सांगतात. शर्यत त्यांनी जिंकली नाही. पण गाडी पॅरिसला परत पोहोचली आणि हवेच्या टायरावर मोटार धावू शकते हे सर्वांनी पाहिले. एका दृष्टीने हा इतिहासातील सर्वांत उपयोगी पराभव.

ट्यूबा बदलाव्या लागल्या, पण चाक बदलता येत नव्हते, हे ध्यानात घ्या. त्या काळी मोटारीचे चाक आसाला कायमचे बसविलेले असे. टायर बसला की गाडी उचलायची, चाक जागेवरच ठेवून लोखंडी पट्ट्यांनी टायरची कड उचकायची, ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधायचे, ठिगळ लावायचे, टायर पुन्हा चढवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. हे सारे धुळीत किंवा पावसात, आणि पुष्कळदा एका प्रवासात अनेक वेळा. घोड्याचे नाल, खिळे, दगडांच्या कपच्या यांनी तेव्हाचे रस्ते भरलेले होते. हवेचा टायर नालांच्या जमान्यात जन्मला, हेच त्याचे दुर्दैव.

आता वेल्समधल्या लनेली गावाकडे जाऊ. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. १९०४ मध्ये त्यांनी एक सोपी युक्ती काढली. गाडीचे चाक निघत नाही ना? मग ते काढूच नका. त्यांनी आऱ्यांविना नुसतीच एक गोल धाव केली आणि तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर चढविला. मूळचा टायर बसला की ही धाव त्या चाकाला बाहेरच्या अंगाने लावायची, पकडी आवळायच्या आणि निघायचे. बसलेला टायर जागच्या जागी राही आणि गाडीचा भार शेजारचे नवे वर्तुळ पेली.

म्हणजे पहिली स्टेपनी हे पूर्ण चाक नव्हते. जायबंदी पायाला बाहेरून बांधलेल्या खपच्चीसारखी ती वस्तू होती. दुरुस्तीच्या गावापर्यंत पोहोचविणे एवढेच तिचे काम. शोधकांनी तिला आपले आडनाव न देता आपल्या रस्त्याचे नाव दिले. लंडनच्या सगळ्या टॅक्सींना आपली स्टेपनी बसविली आहे, असा दावा कंपनी १९०९ मध्ये करीत होती. ब्रिटिश साम्राज्याच्या वाटांनी माल गेला, तसा शब्दही गेला.

गंमत अशी की, ही युक्ती लवकरच कालबाह्य झाली. १९०८ मध्ये रज-व्हिटवर्थ कंपनीच्या जॉन प्यू यांनी सहज काढता-घालता येणाऱ्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. चाकच निघू लागल्यावर खपच्चीची गरज उरली नाही. अख्खे पाचवे चाक गाडीच्या बाजूला किंवा मागे टांगता येऊ लागले. डेव्हिस बंधूंची वस्तू गेली आणि त्यांचा शब्द या पाचव्या चाकाला चिकटून राहिला. आपण आज ज्याला स्टेपनी म्हणतो, ती वस्तू डेव्हिस बंधूंनी कधीच केली नव्हती.

पाचव्या चाकाची प्रतिष्ठा किती वाढली होती हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया घेतला, फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि मित्रराष्ट्रांचा बहुतांश रबरपुरवठा तुटला. हिंदुस्थानातही टायरांवर नियंत्रण आले. अमेरिकेने तर पेट्रोलचे रेशन घेणाऱ्या प्रत्येक गाडीमालकाला अट घातली की, पाचांहून अधिक टायर असतील तर जादाचे सरकारला विकावेत. एकेक टायर मोजणाऱ्या सरकारनेही चाराऐवजी पाच हा आकडा मान्य केला. स्टेपनी ही चैन नसून गाडीचा अवयव आहे, याला त्याहून मोठी शासकीय पावती कोणती?

आता मुलचेऱ्याकडे परत येऊ, कारण या शब्दाचा खरा अर्थ अशाच ठिकाणी कळतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बहुतांश वनाच्छादित आहे. रेल्वे दीर्घकाळ जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वडसा स्थानकापुरतीच राहिली. म्हणून माणूस, धान्य, औषध, बाळंतीण, सारे काही रस्त्यानेच जायचे. तालुक्यातले लगाम हे गाव आष्टी-आलापल्ली मार्गावर आहे. याच मार्गाने एके काळी आलापल्लीचे सागवान बाहेर पडे; अलीकडच्या वर्षांत सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक त्यावरून धावू लागले. अशा वाहतुकीखाली उखडलेल्या डांबराच्या कडा टायरचे काय करतात, ते या भागातल्या कोणत्याही चालकाला विचारावे.

पंक्चरवाल्याचे दुकान म्हणजे या नव्या जगातला लोहाराचा भाता. पाण्याची परात, फुटका आरसा, हवेचा कॉम्प्रेसर आणि दाराशी उभा टांगलेला जुना टायर. दुकानावर ‘व्हल्कनायझिंग’ असे लिहिलेले असते, म्हणजे चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये पेटंट घेतलेली रबर पक्के करण्याची क्रिया तिथे चालते. महाराष्ट्रातील महामार्गांवर अशी कित्येक दुकाने रबराच्या मुलखातून, केरळातून आलेल्या लोकांनी थाटली. आणि मराठीचा थाट पाहा : आपण पंक्चर ‘काढतो’, जणू तो काटाच आहे! पण ही दुकाने आष्टी, आलापल्लीसारख्या ठाण्यांच्या गावी. मधल्या जंगलात नाहीत. ती मधली वाट पार करण्यासाठीच स्टेपनी.

आणि नेमकी तीच आता गाड्यांतून जाऊ लागली आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर-दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक सक्तीचे राहिले नाही. जागा वाचेल, विजेच्या गाडीत मोठी बॅटरी मावेल, असा विचार त्यामागे होता. शहरापुरता तो वावगा म्हणता येत नाही. अमेरिकेत गुडरिच कंपनीने १९४७ मध्ये जाहीर केलेला ट्यूबलेस टायर खरोखरच सहनशील आहे. खिळा घुसला तरी रबर त्याला आवळून धरते आणि हवा हळूहळू जाते. म्हणूनच जाणते चालक सांगतात की, खिळा दिसला तरी तो लगेच उपटू नये. तोच बूच असतो.

पण संचाची मर्यादा नीट समजून घ्या. त्यातला चिकट द्रव किंवा रबरी दोरी जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातले बारीक भोक बुजविते, साधारण चार ते सहा मिलिमीटरचे. टायरची बाजू चिरली तर संच निरुपयोगी. आणि तुटक्या डांबराच्या कडेवर, टोकदार दगडावर बाजूच चिरते. माझ्या मते या नियमाच्या मुळाशी एक अदृश्य नकाशा आहे. त्यावर रस्ता गुळगुळीत आहे, मोबाइलला रेंज आहे आणि मदतीची गाडी तासाभरात येते. मुलचेऱ्याचा रस्ता त्या नकाशात बसत नाही. सवलतीचे रूपांतर रिवाजात झाले, की गाडी घेणाऱ्याला हा फरक शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

मग स्टेपनी नसलेल्या गाडीने तिथे काय करायचे? उत्तरे १९०४ च्या आधीचीच आहेत. भोक लहान असेल तर तिथेच बुजवा आणि हवा भरा. मिशलाँ बंधूंनी तेच केले. बाजू फाटली असेल तर चाक काढा, येणाऱ्या एसटीत किंवा जीपमध्ये घाला आणि एकाने त्याच्याबरोबर ठाण्याच्या गावी जावे, दुसऱ्याने गाडीजवळ थांबावे. म्हणून निघतानाच जॅक आणि पाना गाडीत आहे का ते पाहावे, कारण स्टेपनी काढून टाकताना काही गाड्यांतून तीही हत्यारे गेलेली असतात. तिसरा उपाय जुन्या मोटारवाल्यांना जगभर ठाऊक होता : रिकाम्या टायरमध्ये गवत ठासून भरायचे आणि पायी चालण्याच्या वेगाने पुढच्या गावापर्यंत जायचे. झाडीपट्टीत ते गवत म्हणजे धानाचे तणस. कापणीनंतर त्याची वाण नसते. मात्र टायर नंतर टाकूनच द्यावा लागतो, रिमही वाकू शकते आणि आजच्या आखूड बाजूच्या टायरमध्ये ते पुरेसे ठासता येत नाही. सपाट टायरवर तसेच रेटणे याहूनही महाग. काही मिनिटांत टायरची आतली बाजू चुरगळून जाते.

नियमाने स्टेपनीची सक्ती काढली आहे, ती बाळगण्यास बंदी केलेली नाही. आपल्या गाडीच्या मापाचे चाक स्वतंत्र घेऊन डिकीत ठेवता येते. सामानाची जागा जाते आणि वजन वाढते एवढेच. ज्यांच्याकडे केवळ संच आहे, त्यांनी डिकीच्या तळाचे झाकण उचलून द्रवाची बाटली एकदा पाहावी. तिच्यावर मुदत छापलेली असते आणि ती काही वर्षांतच संपते.