घानामध्ये वीज गेली होती म्हणून

वणीच्या एका शाळेत मध्यंतरी गेलो असता तेथील शिक्षकांनी एक प्रश्न विचारला. शाळेत संगणक बारा. दहावीचे अंतर्गत गुण, दाखल्यांच्या नोंदी, सारे त्यांतच. बॅकअप, म्हणजे माहितीची जादा प्रत, घेणारे सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर स्वतंत्र बसवावे, की एकाच संगणकावरून सर्वांचा बॅकअप घ्यावा? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

1990च्या सुमारास लहान कार्यालयांत बॅकअप फ्लॉपीवर घेत. फ्लॉपीत 1.44 मेगाबाइट माहिती मावे. हार्ड डिस्क 40 मेगाबाइटची असली तर फ्लॉप्या किती? भागाकार विद्यार्थ्यांना करू द्या. उत्तर 28 येईल. एकेक फ्लॉपी घालत बसायचे, आणि मधली एखादी खराब निघाली की पंचाईत! पहिले दोन आठवडे हे काम उत्साहाने होई, मग राहून जाई. स्वतंत्र पद्धतीत खरा धोका यंत्रापेक्षा आपल्या विसराळूपणाचा.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात 1991च्या सुमारास ‘अमांडा’ ही प्रणाली तयार होऊ लागली ती याच अडचणीतून. रात्री एक मध्यवर्ती संगणक जाळ्यातील इतर संगणकांची माहिती मागवून घेई, आधी स्वतःच्या डिस्कवर साठवी आणि मग टेपवर उतरवी. कोणाचा बॅकअप राहिला हे सकाळी व्यवस्थापकाला कळे.

येथे प्रश्न सुटला असे वाटते. पण 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीच्या अनेक सर्व्हरांचे बॅकअप होते. मात्र जाळ्यात कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक केवळ एकमेकांच्या प्रती बाळगत. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा हिशेब. सगळे एकाच वेळी पुसले जातील, हे कोणी धरलेच नव्हते.

वाचला तो एकच, घानामधला. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटला होता. (वणीत वीज गेली की आपण काय म्हणतो, ते येथे छापण्याजोगे नाही.) तेथून इंटरनेटवरून माहिती पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एकाने नायजेरियात विमानतळावर डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली. तेथून ती इंग्लंडला पोचली. कंपनीने पुढे सुमारे 4,000 सर्व्हर व 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले.

वणीच्या शिक्षकांना मी मध्यवर्ती पद्धतच सुचवली. बाराजणांच्या आठवणीवर विसंबण्यात अर्थ नाही. पण सोबत दोन सुट्या हार्ड डिस्क घ्यायच्या. दर शनिवारी एकीवर प्रत उतरवायची, तार काढायची आणि ती दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवायची. पुढच्या शनिवारी दुसरी. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत मिळते का, तेही पाहायचे. एवढे सर्वांना पटले. कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर मात्र चहा संपेपर्यंत चर्चा चालली.