साठवलेली तारीख आणि दिसणारी तारीख : वेबवरील अर्जाच्या एका रकान्याचा इतिहास

वेबवरील अर्जात जन्मतारखेचा रकाना आधीच भरलेला दिसतो, तेव्हा तीच तारीख त्याच रूपात डेटाबेसमध्ये साठवलेली असावी, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः साठवलेले मूल्य आणि त्याचे दर्शनी रूप यांत भेद करण्याचा विचार वेबपेक्षा जुना आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधाचा आरंभच, यंत्रातील माहितीची अंतर्गत मांडणी जाणण्याची गरज वापरकर्त्यास पडू नये, या आग्रहाने होतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका मानक-अभ्यासगटाने डेटाबेसचे अंतर्गत, संकल्पनात्मक आणि बाह्य असे तीन स्तर सुचविले.

वेबने मात्र हा विचार फारसा मनावर घेतला नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या विनिर्देशात तारखेसाठी स्वतंत्र रकाना नव्हता. तारीख साध्या मजकुराच्या रकान्यातच लिहावी लागे. त्याच वर्षी अवतरलेल्या मायएसक्यूएलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मांडली जाते. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या मानकाचा क्रमही हाच आहे. मजकूर म्हणून लावली तरी तारीख कालक्रमानेच लागते, हा त्याचा मोठा गुण. पण भारतीय वाचकाला दिवस आधी हवा असतो. म्हणून दाखविताना क्रम बदलणे आणि साठविताना तो पुन्हा उलटविणे, ही दुहेरी जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येऊन पडली.

खरा धोका या परतीच्या वाटेवर होता. पीएचपी या भाषेतील तारीख ओळखणारी प्रचलित सुविधा तिरप्या रेषांनी लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून, वाचते. ०५/०४/१९८८ अशी लिहिलेली ५ एप्रिल त्यामुळे ४ मे म्हणून साठवली जाई. २५/०४ सारखी तारीख निदान अडखळे, कारण पंचविसावा महिना नाही. दिवस बारापर्यंतचा असेल तर मात्र चूक बिनबोभाट पार पडे. दिवस आणि महिना समान असलेल्या बारा तारखा वगळल्या, तरी वर्षातील १३२ तारखांना हा धोका संभवतो. अर्ज केवळ पत्ता बदलण्यासाठी उघडून पुन्हा जतन केला, तरी न छेडलेली जन्मतारीख बदलू शके. अशी चूक तपासणीत सापडणेही कठीण, कारण बदललेली तारीखही कॅलेंडरमध्ये असतेच.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये तारखेचा स्वतंत्र रकाना अपेक्षित असला, तरी सर्व प्रमुख ब्राउझरांत तो रुळण्यास २०२१ उजाडले. या रकान्याचे मूल्य नेहमी वर्ष-महिना-दिवस असेच राहते. दर्शनी क्रम सामान्यतः ब्राउझर वा संगणक यांच्या भाषेच्या मांडणीनुसार ठरतो. परिणामी अमेरिकी इंग्रजीवर ठेवलेल्या संगणकावर भारतीय अर्जातही महिना आधी दिसू शकतो, आणि संकेतस्थळाच्या कर्त्याला तो क्रम ठरवून देता येत नाही. दिवस, महिना व वर्ष यांच्या तीन वेगळ्या याद्या देण्याची जुनी रीत म्हणूनच कित्येक अर्जांत टिकून आहे.