दाखला, हिस्सा आणि मिरास

इसवी सन १६७५ मध्ये कोचीच्या डच वखारीत तीन कोंकणी वैद्यांनी एका दाखल्यावर आपली नावे घातली. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट ही ती नावे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून देवदैवतांसह दक्षिणेस जाऊन कोची संस्थानाच्या आश्रयास राहिलेल्या कोंकणी समाजातले हे तिघे. मलबारातील वनस्पतींची नावे, त्यांचे गुणधर्म आणि त्यांचे उपयोग आपण आपल्या निघंटूच्या आधारे सांगितले, असे त्यांनी कोंकणी भाषेत व नागरी लिपीत लिहून दिले. तो मजकूर तीन वर्षांनी आम्सटरडॅम येथे ताम्रपटावर कोरून छापला गेला, आणि युरोपात छापलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. मराठी वाचकाने तो अवश्य पाहावा. अक्षर ओळखीचे आहे आणि भाषाही परकी वाटत नाही.

ज्या ग्रंथासाठी हा दाखला झाला, तो ‘होर्टुस मलाबारिकुस’, म्हणजे मलबारचे उद्यान. त्याचा कर्ता हेंड्रिक व्हान ऱ्हीडे हा व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अंमलदार होता, आणि १६७० पासून सात वर्षे मलबारचा कारभार त्याच्याकडे होता. सिलोनपुढे मलबारचे महत्त्व कंपनीस पटवून द्यावे हा त्याचा राजकीय हेतू होताच. परंतु त्या हेतूपलीकडे जाऊन या प्रदेशातील झाडाझुडपांवर त्याचा जीव जडला, हे ग्रंथाचे कोणतेही पान उघडले तरी ध्यानात येते. रानातून फुलाफळांसह फांद्या आणविल्या जात, चित्रकार त्या कोमेजण्यापूर्वी रेखाटीत, आणि वैद्यमंडळी समोर बसून नाव, गुण व प्रयोग सांगत. ते मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये आणि तेथून लॅटिनमध्ये उतरे. अशा रीतीने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंड निघाले आणि सातशेहून अधिक वनस्पतींची नोंद झाली. शेवटचे खंड पाहण्यास ऱ्हीडे राहिला नाही. १६९१ च्या डिसेंबरात मुंबईनजीक समुद्रावर जहाजातच त्याचे देहावसान झाले, आणि सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य कबर आजही उभी आहे.

या ग्रंथाचा खरा आधारस्तंभ मात्र चेर्तलाजवळच्या एका ईळव घराण्यातील वैद्य होता: इट्टी अच्युदन. ईळव ही ताडामाडावर चढून ताडी काढणारी जात. तत्कालीन मलबारात तिला देवळाची पायरी वर्ज्य होती. तथापि अच्युदनच्या घरी वैद्यक वंशपरंपरेने चालत आले होते, आणि ताडपत्रांवरील पिढीजाद टिपणे त्याच्याजवळ होती. त्याचाही दाखला त्याच्याच कोलेळुत्तु लिपीत ग्रंथात छापलेला आहे. जातिव्यवस्थेने ज्याला अंगणाबाहेर उभे केले, त्याची साक्ष ब्राह्मण वैद्यांच्या साक्षीबरोबरीने एका परकीय अंमलदाराने ग्राह्य धरावी, ही त्या शतकातील असामान्य गोष्ट होय. ऱ्हीडेविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो मुख्यतः यासाठी. पुढे १७५३ मध्ये लिनीअसने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा मलबारातील कित्येक जातींसाठी त्याच्यासमोर याच ग्रंथातील चित्रे होती. म्हणजे आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या पायात अच्युदनच्या घराण्याचे ज्ञान घातलेले आहे. त्या ज्ञानाच्या मोबदल्यात त्या घराण्याच्या वाट्याला काय आले, या प्रश्नाला ग्रंथापुरते एकच उत्तर आहे, आणि ते म्हणजे नाव. आणि ज्यांनी डोंगरातून त्या फांद्या तोडून आणल्या, त्यांना तर नावही मिळाले नाही.

तीनशे बारा वर्षांनी, त्याच केरळच्या दक्षिण टोकाला, हा हिशेब पुन्हा एकदा उघडला गेला.

१९८७ च्या डिसेंबरात डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचे एक पथक अगस्त्यमलाईच्या डोंगरात आदिवासींच्या वनस्पतिज्ञानाचा शोध घेत फिरत होते. वाटाडे काणिक्कार जमातीचे होते. चढ चढून शास्त्रज्ञ थकून जात आणि वाटाडे मात्र कसलीशी बारीक फळे चघळीत ताजेतवाने राहत. पुष्कळ विनवणी केल्यावर, आणि या माहितीचा दुरुपयोग होणार नाही असे आश्वासन मिळाल्यावर, त्यांनी ती वनस्पती दाखविली. तिचे नाव आरोग्यपच्चा. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या संशोधन संस्थेत तिच्या पानांवर काही वर्षे काम झाले, आणि अश्वगंधा, पिंपळी व विष्णुक्रांता यांच्या जोडीने ‘जीवनी’ नावाचे बल्य औषध सिद्ध झाले. कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक औषधशाळेस सात वर्षांच्या मक्त्याने ते तयार करण्याचा हक्क देण्यात आला. मोबदला दहा लाख रुपये आणि विक्रीवर शेकडा दोन रुपये स्वामित्वशुल्क. यातला निम्मा हिस्सा काणिक्कारांचा, असे संस्थेने आपण होऊन ठरविले. रिओ येथील जैवविविधतेच्या करारास तेव्हा थोडीच वर्षे झाली होती आणि आपल्याकडे तद्विषयक कायदा व्हायचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाची थोरवी कळते. १९९७ मध्ये काणिक्कारांचा न्यास नोंदला गेला आणि १९९९ मध्ये पाच लाखांहून अधिक रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली. अच्युदनला नाव मिळाले. काणिक्कारांना हिस्सा मिळाला.

परंतु हिस्सेरशीचा कागद हाती आला तरी ज्ञान कोणाचे, हा प्रश्न उरलाच. जमातीच्या वैद्यांस प्लाथी म्हणतात. औषधीज्ञान हा त्यांचा जपलेला वारसा, तो वाटाड्यांनी कोणाच्या संमतीने दिला, असा आक्षेप काही प्लाथींनी घेतला. जमात तीन पंचायतींच्या हद्दीत विखुरलेली, आणि आरंभी न्यासाशी संबंध मुख्यतः एका पंचायतीतील लोकांचा. तेव्हा बाकीच्यांना हा करार आपला वाटला नाही. मला या तक्रारी रास्त वाटतात.

त्याहून मोठी अडचण भूमीची होती. आरोग्यपच्चा दाट सावलीतली वनस्पती. तिच्या नैसर्गिक अधिवासाबाहेर लावली तर पानांत तो गुण पुरेसा उतरत नाही. ज्या रानात ती उगवते ते राखीव वन. काही कुटुंबांनी सरकारी साहाय्याने लागवड केली, पाने विकली, चार पैसे पाहिले. तोच वनखात्याने हरकत घेतली. रानातली रोपे उपटून नेली जाऊ लागल्याने ती हरकत निराधार होती असेही म्हणता येत नाही. मात्र तिचा परिणाम असा झाला की ज्यांनी वनस्पती जगाला दाखविली त्यांनाच तिचे पान खुडण्याची मुभा राहिली नाही, आणि पाने मिळेनात तेव्हा औषधशाळेचे उत्पादनही रेंगाळले. काणिक्कार या नावाचा अर्थच मुळी भूमीचे वंशपरंपरागत धनी असा सांगतात. काणी म्हणजे आपल्याकडे ज्याला मिरास म्हणतात तो हक्क. नावात मिरास आहे आणि वहिवाट मात्र खालसा झालेली, अशा स्थितीत शेकडा दोनातला हिस्सा कितीसा टिकणार होता?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने हिस्सा देणे बंधनकारक केले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावरील मालकी वननिवासींची ठरविली. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांस हिस्सा देण्यातून सूट मिळाली. हळदीचे अमेरिकी एकस्व १९९७ मध्ये रद्द झाले ते जुन्या ग्रंथांच्या पुराव्यावर, हे खरे. म्हणून लिहून ठेवणे अगत्याचे आहेच. परंतु लिहिलेले ते सर्वांचे, असा अर्थ रूढ झाला तर प्लाथीला, वैदूला किंवा भगताला आपले ज्ञान वहीत उतरवू देण्याची भीती वाटेल, आणि ती भीती खोटी म्हणता येणार नाही.

त्याच वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर महाराष्ट्रातील शेकडो गावांनी तो मिळविला आहे. गावोगावी लोक-जैवविविधता नोंदवह्या भरल्या जात आहेत, आणि ते काम बहुधा गावातला शिक्षक, ग्रामसेवक किंवा एखादा शिकलेला तरुण करतो. त्याला माझी विनंती आहे. वहीत वनस्पतीचे नाव लिहाल तेव्हा सांगणाऱ्याची संमती आधी घ्या, त्याची इच्छा असेल तर त्याचे नाव त्याच्या बोलीत शेजारी लिहा, आणि ज्या रानातून ती वनस्पती आली त्या रानाच्या हक्काचा दावा गावाने दाखल केला नसेल, तर वही मिटण्यापूर्वी त्याच ग्रामसभेत तो ठराव मांडा.