धाराशिव जिल्ह्यातील कामाचे जोडे

बालाघाटच्या डोंगररांगेत पसरलेल्या धाराशिव जिल्ह्यात पायाखाली तीन गोष्टी असतात: उन्हाळ्यात तापलेला मुरूम, पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल आणि बारमाही बाभळीचा काटा. इथल्या कष्टाच्या पादत्राणाची घडण शेकडो वर्षे या तिघांनी ठरवली. बोटांवर पोलादी टोपी बसवलेला बूट, ज्याला कामगार सरसकट ‘सेफ्टी शूज’ म्हणतात, तो या इतिहासात फार उशिरा आला. तो आला तो शेताच्या बांधावरून नव्हे, कारखान्याच्या फाटकातून.

बलुतेदारीच्या काळात वहाण बाजारात विकत घ्यायची वस्तू नव्हती. शेतकऱ्याने सुगीला खळ्यावरून धान्य द्यायचे आणि चांभाराने वर्षभर वहाणा, मोट, नाडे, आसूड नवे करून किंवा दुरुस्त करून द्यायचे, असा तो व्यवहार होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याच्या या देण्याघेण्याचे बारकाईने वर्णन आढळते. चामडे तयार होण्याआधी ते अनेक हातांतून जाई. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते. कातडे कमावण्याचा व्यवसाय ढोरांचा. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे आणि मग बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा यांच्या रसात ते कित्येक दिवस मुरवायचे. असे कमावलेले जाड चामडे चांभाराकडे येई. तळाला चामड्याचे थर एकावर एक ठेवून ते चामड्याच्याच वादीने शिवले जात. टाच झिजू नये म्हणून काही जण खाली लोखंडी नाल ठोकून घेत.

नवी वहाण चावते, हा अनुभव सार्वत्रिक होता. म्हणून तिला आधी तेल पाजत. करडई या भागाचे पीक, त्यामुळे तेल घरचेच असे. आठ-पंधरा दिवसांत चामडे पायाचा आकार घेई. या वहाणेचे खरे बळ मात्र तेलात नव्हते. ज्याच्यासाठी ती बनवायची त्याचा पाय चांभाराला ठाऊक असे. कोणाचा चवडा रुंद आहे, कोणाच्या अंगठ्याचे हाड बाहेर आले आहे, कोण उजव्या पायावर जास्त भार देतो, हे त्याला मापाच्या दोरीशिवाय कळे. कारखान्यात बनणाऱ्या बुटाने पुढे पायाला संरक्षण दिले, पण ही ओळख घालवली.

चामड्याच्या कारागिरांना या प्रदेशात संतपरंपरेतही स्थान आहे. उमरगा तालुक्याच्या सीमेपलीकडे, बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या शरणांमध्ये ढोर कक्कय्या आणि चर्मकार हरळय्या होते. हरळय्या आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी जोडे बनवले, अशी कथा आजही सांगितली जाते. ढोर समाज कक्कय्यांना आपले आद्य पुरुष मानतो.

पण गावगाड्यात वहाण सर्वांच्या पायात नव्हती. बलुतेदाराच्या सेवेचा हक्क जमीन कसणाऱ्याचा. ज्याच्याकडे खळेच नाही त्या मजुराला वहाणही नाही. शिवाय दलितांनी वरच्या जातींच्या वस्तीतून जाताना पायातले काढून हातात घ्यायचे, असा दंडक महाराष्ट्राच्या अनेक भागांत होता. म्हणजे जो वर्ग जनावर ओढत होता, कातडे कमावत होता आणि जोडा शिवत होता, त्यालाच तो घालून निर्धास्त चालता येत नव्हते. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. निजामाच्या राज्यातल्या वतनी वेठीचा प्रश्न तिच्यापुढे होता. कामाच्या जोड्याचा इतिहास या परिषदेपासून वेगळा काढता येत नाही, कारण जुन्या व्यवस्थेत पायात काय असावे हे कामातला धोका ठरवत नव्हता, जात ठरवत होती.

तडवळे हे तेव्हाच्या बार्शी लाइट रेल्वेवरचे गाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बांधलेली ही अडीच फुटी गेजची गाडी १८९७ मध्ये बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. १९८२ पर्यंत लातूर हे उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातच होते. रेल्वेबरोबर रूळ, कपलिंग आणि खडी आली, म्हणजेच पायावर पडू शकणारे जड लोखंडही आले. त्याच सुमारास या भागातली माणसे सोलापूरच्या गिरण्यांत जाऊ लागली. तिथली ‘जुनी गिरणी’ १८७७ ची. गिरणीत काम उभ्याचे. दमट हवा, तेलकट फरशी आणि बहुतेकांचे पाय उघडे. तिथे पायाला धोका होता तो चिरडण्यापेक्षा उभे राहण्याचा. दिवसभर न हलता उभे राहिले की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलण्याचे काम नीट करत नाहीत, पाय सुजतात, शिरा फुगतात, टाचा ठणकतात.

या दुखण्यावरचा पहिला उतारा जोड्याचा नव्हे, तासांचा होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या प्रमुख होत्या. सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. कामाचे तास मग टप्प्याटप्प्याने उतरले: १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांसाठी बारा, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये मांडलेल्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४व्या कलमात तर उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बसण्याची सोय ठेवण्याची सक्ती होती. हे कलम फारसे चर्चेत आले नाही. दुकानांतल्या नोकरांसाठी असाच हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात आणला, तेव्हा कुठे त्याची वृत्तपत्रांनी दखल घेतली. उत्तमातला उत्तम बूटही स्टुलाची जागा घेऊ शकत नाही.

पोलादी टोपीचा बूट १९३० च्या दशकात अमेरिकेत कारखानदारीबरोबर पसरला. त्याआधी युरोपात लाकडी खडावांसारखे जोडे हेच काम करत. भारतात जाड बूट बनत होते ते मुख्यतः लष्करासाठी, कानपूरला. नागरी कामगाराला बूट देण्याची स्पष्ट सक्ती आली ती खाणींत, १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी. भारतीय मानक संस्थेच्या ‘आय. एस. १९८९’ या मानकाचा (हा आकडा सालाचा नव्हे, क्रमांकाचा) पहिला भाग खाण कामगारांच्या बुटांचा आणि दुसरा जड धातू उद्योगाचा होता, यावरून अग्रक्रम कोणाला होता ते दिसते. शेती आणि शेतमालाचे उद्योग या यादीत नव्हते.

मराठवाड्याच्या वाट्याला दरम्यान वेगळाच जोडा आला: ट्रकच्या जुन्या टायरची चप्पल. मोट जाऊन पंप आले, बलुते मोडले, आणि चांभार रोख पैशावर बाजारात बसू लागला. टायरचा तळ काट्याला दाद देत नसे, वर्षानुवर्षे झिजत नसे आणि चामड्यापेक्षा स्वस्त पडे. बोटे मात्र उघडीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात उस्मानाबाद हा सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याच्या कामांवर हजारो माणसे गेली. याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. हातोड्याखाली उडणारी कपची आणि घसरणारा दगड यांच्यासमोर या मजुरांच्या पायांत टायरची चप्पल होती, किंवा तीही नव्हती.

जिल्ह्यात सेफ्टी बुटाचे खरे घर झाले ते साखर कारखाना. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली आणि पुढे ती मराठवाड्यात पोहोचली. ढोकीचा तेरणा, नळदुर्गचा तुळजाभवानी, मुरूमचा विठ्ठलसाई, रांजणीचा खासगी नॅचरल शुगर अशी नावे जिल्ह्याच्या नकाशावर आली. त्यांतले काही नंतर दीर्घकाळ बंदही पडले. बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली की चार-पाच महिने यंत्र थांबत नाही. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या चालतात. या एका आवारात पायाला होणारे धोके जागोजागी बदलतात. गव्हाणीजवळ उसाचे तुकडे आणि साखळ्या, मिल हाऊसमध्ये तेल आणि रसाने निसरडी झालेली पत्र्याची जमीन, बॉयलरपाशी निखारे व तापलेली राख, पॅनवर उकळता पाक, सफाईच्या वेळी कॉस्टिक, आणि गोदामात पोत्यांची थप्पी. मेंटेनन्सच्या फिटरचा बूट गोदामातल्या हमालाला योग्य असेलच असे नाही. तरी खरेदी बहुधा एकाच प्रकारची, घाऊक होते.

टोपी काय सोसते, हे आजच्या ‘आय. एस. १५२९८’ च्या दुसऱ्या भागात सांगितले आहे. २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब, म्हणजे सुमारे दीड टन वजन, सोसून टोपीखाली बोटांना जागा उरली पाहिजे. सात-आठ नंबरच्या बुटात ती १४ मिलिमीटर असावी लागते. पाच किलोचा पाना चार मीटरवरून निसटला तर जवळपास २०० जूल होतात. मिल हाऊसच्या वरच्या मजल्यावरून पाना निसटणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने सुरक्षा पादत्राणांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि मानकाचा शिक्का ऐच्छिक राहिला नाही.

मानक आघाताचे उत्तर देते. आठ तास उभे राहण्याचे फारसे देत नाही. पोलादी टोपी वाकत नाही आणि ताणतही नाही. चामडे पायाचा आकार घेईल, टोपी कधीच घेणार नाही. म्हणून आखूड किंवा अरुंद बूट तेल पाजून सैल होण्याचा जुना भरवसा इथे चालत नाही. चालताना टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतत असेल तर तो बूट त्या पायाचा नव्हे. पाळीच्या शेवटी पाय सुजलेले असतात, त्यामुळे बूट घालून पाहायची वेळ संध्याकाळची, आणि तीही कामावर वापरायच्या जाड मोज्यांसह. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळीक हवी आणि टाच मात्र घट्ट बसलेली. जिथे दिवसभर काँक्रीटवर उभे राहायचे तिथे दुहेरी घनतेचा पीयू (पॉलियुरेथेन) तळ बरा: आतला थर मऊ, बाहेरचा चिवट. बॉयलरपाशी मात्र तो टिकत नाही. तिथे नायट्राइल रबर हवे. उष्णतारोधक वर्गातला असा तळ ३०० अंश सेल्सिअस तापलेल्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकला पाहिजे, अशी चाचणी आहे. विजेच्या कामाला आणि हलकेपणासाठी पोलादाऐवजी कंपोझिट टोपी वापरतात. पीयूचे आणखी एक वैगुण्य हंगामी कारखान्यांना नडते: गाळप संपल्यावर ठेवून दिलेला बूट पावसाळी दमटपणात आतून कुजत जातो आणि एक-दोन वर्षांनी नव्या हंगामात तळ अचानक भुगा होतो. वर चामडे धड दिसते, त्यामुळे दोष ध्यानात येत नाही.

मापात न बसणारा बूट शेवटी पायातून उतरतो. रात्रपाळीत दोन-तीनच्या सुमाराला नाड्या सुटतात, टाचेखाली मागची बाजू दुमडून बुटाची सपाता होते, किंवा फाटकातून आत आल्यावर चप्पल चढते. सुरक्षा अधिकारी याला बेशिस्त म्हणतात. बरेचदा ती मापाची चूक असते.

हे सारे फाटकाच्या आतले. कायम आणि हंगामी कामगाराला बूट मिळतो. कंत्राटी कामगाराचा बूट ठेकेदाराच्या मर्जीवर असतो. आणि ज्याच्या कोयत्यावर सगळा कारखाना चालतो तो ऊसतोड मजूर फाटकाबाहेर, चपलेत. वाशी, भूम, कळंब, परंडा या तालुक्यांतून दरवर्षी तोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या पायांना उसाचे तिरपे छाटलेले खुंट आणि कोयत्याची धार लागते. त्यांना हवा तो बूट जड पोलादी टोपीचा नव्हे. चिखलातही चालेल, पातेऱ्यात घसरणार नाही आणि नडगी झाकेल असा हलका बूट त्यांच्या कामाचा. असा बूट बनवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तो कोणी विकत घ्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

मापाचा प्रश्न आता राष्ट्रीय पातळीवर हाताळला जात आहे. भारतात चालणारी इंग्रजी मापे मुळात युरोपीय पायांच्या साच्यांवर आधारलेली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय यंत्राने मोजले. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून निघाले. या मोजणीवरून ‘भा’ नावाची आठ मापांची नवी पद्धत सुचवण्यात आली. सेफ्टी बुटाच्या बाबतीत नुसता साचा बदलून भागत नाही. टोपी साच्यावर बेतलेली असते, त्यामुळे तिचाही ठसा नव्याने पाडावा लागतो आणि २०० जूलची चाचणी पुन्हा द्यावी लागते.