उठता यायला हवं

मागच्या श्रावणात एका मैत्रिणीकडे पोथी ऐकायला गेले होते. सवयीने सतरंजीवर मांडी घातली. तासाभराने उठायला गेले, तर उठताच येईना! शेवटी तिच्या सुनेने काखेत हात घालून मला उभं केलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. आज सतरंजीवरून, उद्या खाटेवरून, परवा संडासात... तिथेही कुणाला हाक मारायची का?

आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांना एकच सल्ला असे, "आता आराम करा." जोर-बैठका तालमीतल्या पोरांनी काढायच्या. उतारवयात गेलेली ताकद परत येत नाही, असंच सगळे धरून चालत. हा समज कसा मोडला, ते वाचल्यापासून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

सुरुवात होते दुसऱ्या महायुद्धापासून. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म नावाचे डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत. त्यांनी स्वतः लहानपणी मोठ्या आजारातून उठल्यावर वजनं उचलून तब्येत कमावली होती. तेच त्यांनी सैनिकांच्या दुबळ्या पायांना लावलं. जड वजन उचलायचं, आणि ते पेलू लागलं की थोडं वाढवायचं. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पण ती तरण्याताठ्यांसाठी. म्हाताऱ्यांना वजन उचलायला लावण्याचं धाडस कोण करणार?

ते केलं डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बोस्टनमधल्या एका शुश्रूषागृहात. तिथले दहा रहिवासी त्यांनी निवडले. वयं किती? ८६ ते ९६! आठवड्यातून तीन दिवस, बसून वजनाविरुद्ध पाय सरळ करायचा आणि सावकाश परत आणायचा. वजनही लुटुपुटीचं नाही. जास्तीत जास्त जेवढं पेलेल त्याच्या ८० टक्के. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. हाताचा टेकू घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणारे तिघे होते, त्यातला एक आपला आपण उठू लागला. हा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला त्या पावणेतीन पटीपेक्षा हा खुर्चीतून उठलेला एक जणच जास्त आवडला.

१९९४ साली याच मंडळींनी शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायाम दिला, काहींना नुसता पूरक आहार, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद, चाल आणि जिने चढण्याची शक्ती वाढली. नुसत्या पूरक आहाराने काही साधलं नाही. म्हणजे व्यायामाशिवाय डिंकाचे लाडू खाऊन भागत नाही! आता तर जागतिक आरोग्य संघटनाही २०२० च्या शिफारशींत सांगते की पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे.

या कथेत एक कडू गोष्टही आहे. बोस्टनच्या त्या आजी-आजोबांचा व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत त्यांची ३२ टक्के ताकद ओसरली. शाळेत पाढ्यांचं तसंच व्हायचं. मे महिन्याची सुट्टी संपली की पहिल्यापासून घोकंपट्टी!

असो. डॉक्टरांना विचारून मीही सुरुवात केली. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीशी, आणि उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी तीनदाच जमलं. आता दहा होतात, आणि मांडीला वाळूच्या पिशव्या बांधायचा विचार आहे. सतरंजीवरून अजून स्टुलाला धरूनच उठते, पण कुणाला हाक मारावी लागत नाही.

माझ्या वयाच्या वाचकांनो, आज हात न टेकता खुर्चीतून उठून बघा. किती वेळा जमलं, ते मला जरूर कळवा.