धुराड्यातील लायनरचे उष्णतारोधन

लाकडाच्या शेगडीचा धूर छतावर नेणाऱ्या पोलादी नळीभोवती उष्णता अडवणारा थर बसवण्याची पद्धत. धुराड्याच्या आत सोडलेल्या या नळीला लायनर म्हणतात. उत्तर अमेरिका व युरोपातील थंड प्रदेशांत, उघड्या फायरप्लेससाठी बांधलेल्या विटांच्या जुन्या धुराड्याला बंद दाराची शेगडी जोडताना ही पद्धत वापरतात. थर एकच असला तरी त्याची कामे दोन : धूर टोकापर्यंत गरम ठेवणे आणि घराच्या लाकडी सांगाड्याला नळीची झळ लागू न देणे.

धूर गरम का हवा : लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ, डांबरी द्रव्ये व न जळलेले वायू असतात. नळीत तापमान सुमारे १२०° से.च्या खाली उतरले, की ही द्रव्ये आतल्या बाजूला चिकटून क्रिओसोट साचते. सुरुवातीला ते भुसभुशीत असते व ब्रशाने निघते. पुढे त्याचा काळा, चकचकीत, काचेसारखा कठीण लेप होतो आणि ब्रश त्यावरून नुसता घसरतो. हा लेप पेटला, तर धुराड्यातील तापमान १,१००° से.च्या आसपास जाऊ शकते. धूर निवला की त्याला वर खेचणारी ओढही मंदावते आणि शेगडीचे दार उघडताच धूर खोलीत येतो. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून बांधलेले धुराडे तीन बाजूंनी गारठत असल्याने तेथे हा त्रास अधिक.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये शेगड्यांच्या धूरकणांवर मर्यादा घातली आणि २०२० पासून ती आणखी कडक केली. या मर्यादांत बसणाऱ्या नव्या शेगड्या लाकडातील अधिक उष्णता खोलीला देतात, म्हणून धुराड्यात जाणारा धूर तुलनेने थंड असतो. त्यामुळे जुन्या शेगडीला पुरलेले धुराडे नव्या शेगडीला पुरेलच, असे नाही.

आगीपासून संरक्षण : वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे होते व पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेटते. अमेरिकेतील नियमांनुसार विटांचे धुराडे आणि लाकूड यांत घराच्या आत २ इंच, तर बाहेरच्या धुराड्याला १ इंच मोकळी जागा लागते. जुन्या घरांत अनेकदा तुळया थेट विटांना टेकलेल्या असतात. अशा ठिकाणी भिंती न फोडता करण्याजोगा उपाय म्हणजे उष्णतारोधित लायनर. तो व त्याचे आच्छादन यूएल १७७७ या मानकानुसार एकत्र तपासलेले असावे लागते. त्या चाचण्यांत २,१००° फॅ. (सुमारे १,१५०° से.) तापमानाचाही समावेश असतो.

पद्धती : (१) आच्छादन – स्टेनलेस स्टीलच्या नळीवर साधारण अर्धा इंच जाडीची सिरॅमिक तंतूंची चादर गुंडाळतात. चादरीची चकचकीत फॉइलची बाजू बाहेर ठेवतात, जोड फॉइलच्या पट्टीने बंद करतात आणि सगळ्यावर पोलादी जाळीचा मोजा चढवतात, म्हणजे नळी आत सोडताना चादर फाटत नाही. ६ इंची नळी गुंडाळल्यावर ७ इंचांची होते. ८ इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मातीच्या जुन्या नळ्यांचा आतला गाळा जेमतेम तेवढाच असतो, म्हणून पुष्कळदा त्या नळ्या आधी फोडून काढाव्या लागतात. नळी नुसतीच कोंबून चादर दबली, तर तिचा रोधकपणा घटतो. (२) भरणी – व्हर्मिक्युलाइट हे खनिज, सिमेंट व पाणी यांचे हलके मिश्रण नळी आणि विटा यांमधल्या पोकळीत वरून ओततात. ब्रिटनमध्ये सुटे व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइटही भरतात. नळी मधोमध राहणे आणि तळ घट्ट बंद असणे येथे महत्त्वाचे. नळी एका बाजूला टेकली, तर तेथे रोधन उरतच नाही.

दोन्ही पद्धतींत वर झाकणपट्टी व पावसाची टोपी बसवतात. पाणी शिरून भरणी भिजली, तर ती उष्णता अडवेनाशी होते.

दक्षता : सिरॅमिक तंतू श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने मुखपट्टी, चष्मा व हातमोजे आवश्यक आहेत. अमेरिकेतील जुन्या घरांत आढळणारे व्हर्मिक्युलाइट हलवू नये. ते मोंटाना राज्यातील लिबी येथील, १९९० मध्ये बंद झालेल्या खाणीतले असू शकते आणि त्या मालात ॲस्बेस्टॉस होते. उष्णतारोधनाने क्रिओसोट कमी साचते, पण थांबत नाही. ओले लाकूड जाळले किंवा हवा कोंडून आग धुमसत ठेवली, तर उत्तम लायनरही भरून येतो. त्यामुळे वाळलेले लाकूड वापरणे आणि दरवर्षी धुराड्याची तपासणी करून ते साफ करणे, हे या व्यवस्थेचेच भाग मानले पाहिजेत.